चौथा सिलिंडर

मिस्त्रीला सगळे 'केसभर' म्हणत. कुठलंही इंजिन दाखवा, "केसभर जास्त झिजलंय" नाहीतर "केसभर कमी पडतंय", एवढंच उत्तर मिळायचं. स्वतःच्या डोक्यावर मात्र औषधालाही केस नव्हता. पन्नाशी उलटलेला हा सडाफटिंग माणूस थोरल्या बहिणीसोबत वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचा. दुकानाचं काउंटर ताईच्या ताब्यात होतं, मशीन याच्या. आणि सध्या या शहाण्याचं डोकं काही ठिकाणावर नव्हतं.

कारण बाई. म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई. ज्या गाडीवर त्यांनी अर्ध्या गावाला क्लच आणि ब्रेक शिकवला, ती आता पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त प्यायला लागली होती. सिलिंडर पार झिजलेले. गाडीच्या कंपनीने त्या मापाचे पिस्टन बनवणं कधीच सोडून दिलं होतं, म्हणून बाईंनी दुसऱ्याच कुणी बनवलेले, थोडे मोठे असे चार पिस्टन बाहेरून मागवले. आता इंजिनाच्या ब्लॉकमधली चारही भोकं त्या पिस्टनच्या मापाने मोठी करायची होती. यालाच बोअर मारणं म्हणतात, आणि त्यात केसभरचा हात धरणारा कुणी नव्हता.

"गाडी झाली की मी निघाले हं," ब्लॉक उतरवून घेतानाच बाईंनी सांगून टाकलं. "भाऊ कधीचा बोलावतोय. त्याच्या गावी स्कूल काढू म्हणतो. हे गेल्यापासून इथे मला आहे कोण, पुढे ना मागे!"

झालं! केसभर उतरवलेला ब्लॉक उगाचच पुसत बसला. वर्षानुवर्षं हा माणूस बाईंचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजला की मशीन बंद करून हात धुवायला पळत होता, आणि मजल कुठवर गेली होती? तर "चहा घेणार का?" इथवर. पुढचं वाक्य घशातच अडकायचं. आता तर ते बोलायला वेळही उरला नव्हता, कारण एरवी चार सिलिंडर तो एका दिवसात हातावेगळे करायचा.

मग त्याने काय केलं असेल? रोज एकच सिलिंडर घेतला!

"ब्लॉकच्या ओतीव बिडाला घाई चालत नाही, बाई," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "एकदा कापलं की त्याला विश्रांती लागते."

बिडाला विश्रांती! काउंटरमागे ताईला असा ठसका लागला की गिऱ्हाईक पाणी आणायला धावलं. बाई गेल्यावर ती म्हणाली, "अरे, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलायस ना? मग तोंड उघड की! त्या मशीनशी किती दिवस बोलणार आहेस?"

"तुझं आपलं काहीतरीच," केसभर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. टक्कल असलं की ते लपवायलाही जागा नसते.

पण काय दिवस होते ते! बाई रोज सकाळी यायच्या, मशीनशेजारच्या स्टुलावर बसायच्या. केसभर त्या दिवसाचा पिस्टन मोजायचा, मग बोअर मारायला घ्यायचा. कटर गोल गोल खाली उतरायचा, बिडाचा काळा भुसा पडायचा, आतून भिंत चांदीसारखी उजळत यायची आणि बाई वाकून बघत म्हणायच्या, "अगं बाई, यात तर तोंड दिसेल!" केसभर हवेत असायचा. त्याचं वय त्या आठवड्यात निम्मं झालं होतं असं ताईचं मत होतं, आणि अक्कल पाव.

पहिला झाला. दुसरा झाला. तिसराही झाला.

चौथ्या दिवशी सकाळी हवा चांगलीच गार होती. बाई लवकर आल्या आणि खोक्यातला उरलेला पिस्टन स्वतःच काढून मांडीवर घेऊन बसल्या. ताईने चहा आणला. बाईंनी एका नव्या शिकाऊ काकांची गोष्ट सांगायला घेतली. हे काका वळण आलं की डोळे गच्च मिटून घ्यायचे.

"मी म्हटलं, काका, डोळे उघडा! तर म्हणतात, बाई, मला बघवत नाही!"

केसभर इतका हसला की चहा नाकातून आला. बाईही हसल्या. चहा तसाच गार झाला, कारण त्यांचे दोन्ही हात पिस्टनभोवती होते. एकदा त्या मध्येच थांबल्या, काहीतरी बोलायला गेल्या आणि पिस्टन नुसताच फिरवत राहिल्या.

शेवटी केसभरने नाइलाजाने तो मागून घेतला आणि मायक्रोमीटर लावला. बघतो तर काय, हा पिस्टन बाकीच्या तिघांपेक्षा दोन शतांश मिलिमीटर मोठा!

त्याने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. दोन शतांश! आता दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीने त्या पिस्टनपुरतं भोक तेवढंच मोठं केलं असतं आणि मोकळा झाला असता. पण केसभरच्या मनात आनंदाच्या अशा उकळ्या फुटल्या की विचारू नका.

"बाई!" तो ओरडलाच. "सेटमध्ये खोट आहे! एक पिस्टन मोठा निघाला. चारही परत पाठवायचे, बदलून मागवायचे. दोन महिने तरी कुठे गेले नाहीत!"

"दोन महिने?" बाईंनी चष्मा काढून पुसला. "असू दे. आता काय करणार!" त्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता, पण केसभरला ते कुठलं ऐकू येतंय! तो शीळ घालत वर्कशॉपभर फिरत होता. न लागणारा पाना त्याने उचलला, तेल लावलं आणि परत ठेवला. ताई कपाळाला हात लावून बघत राहिली.

अर्ध्या तासाने खोक्यात ठेवायला म्हणून त्याने पिस्टन पुन्हा हातात घेतला. आता हाताला सवय होती दोनदा मोजायची, तिला कोण काय करणार? मायक्रोमीटर आपोआप लागला.

पिस्टन बरोबर होता. बाकीच्या तिघांच्या मापाचा, तंतोतंत.

शीळ थांबली. काय झालं ते त्याच्या क्षणात लक्षात आलं, आणि लक्षात आलं नसतं तर किती बरं झालं असतं असंही वाटलं. गप्प बसायचं, बस्स. खोकं बंद करायचं, पाठवून द्यायचं. दोन महिने रोज सकाळी ते स्टूल, ते हसणं. विचारणार कोण होतं त्याला? पण आयुष्यभर माप खोटं सांगितलं नव्हतं, आणि नेमकं बाईंनाच सांगायचं? त्याच्याने ते होईना. रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"बाई, पिस्टन चांगला आहे," तो खाली बघत म्हणाला.

"मघाशी तर मोठा म्हणालात!"

"तुम्ही हातात धरून बसला होतात ना. ॲल्युमिनियम आहे ते. हाताच्या उबेने फुगतं. आता गार झालं, आलं मापावर. माझीच चूक. मोजायच्या आधी थांबायला हवं होतं." त्याने मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला. "परत पाठवायची गरज नाही. बोअर आजच होईल. परवा इंजिन बांधून होईल."

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग त्यांनी शिकाऊ माणसाला गिअर समजावून सांगावेत तसं एकेक विचारायला घेतलं.

"म्हणजे मी धरला की हा मोठा होतो?"

"हो."

"आणि मोठा असला की तुम्ही बोअर मारत नाही?"

"कसा मारणार?"

"आणि बोअर मारला नाही तर गाडी होत नाही."

"नाही होत."

"मग द्या इकडे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

केसभर पुतळ्यासारखा उभा. काउंटरमागून ताई किंचाळली, "अरे ठोंब्या, बघत काय राहिलास? दे की!"

त्याने दिला. आणि देताना इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य एकदाचं सुटलं.

"बाई, जाऊ नका ना."

बाईंनी पिस्टन मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी नीट झाकला.

"मी कुठे जातेय? गाडी झालीय कुठे अजून?"