पाचवं पाताळ

“ही सगळी शाळेच्या वाचनालयाला देऊन टाका,” मुलीने सहा जाडजूड पुस्तकं बापाच्या पुढ्यात ठेवली आणि ती खिडकीपाशी जाऊन बसली.

रविवार होता. लिफ्टदुरुस्तीच्या कामाला सुट्टी होती. बायको गेल्यानंतर पाच महिन्यांनी त्याने पहिल्यांदाच घर आवरायला काढलं होतं. तिचे कपडे द्यायचे हे समजत होतं, पण ही पुस्तकं? यांच्यापायी पोरीने जेवणाचं भान सोडलं होतं. त्यांत एक शाळकरी मुलगी मेलेल्या भावाला शोधत सात पाताळं उतरते. वाटेत नाग, यक्ष, राक्षस भेटतात आणि त्यातले निम्मे तिच्याच वयाचे, घरी बोलणी खाणारे. एवढं काय असतं गं त्यात, असं त्याने एकदा विचारलं होतं. तेव्हा बायकोचं दुखणं नुकतंच कळलं होतं.

“त्यात मेलेल्या माणसांकडे जायला रस्ता असतो, बाबा,” ती म्हणाली होती. “पायऱ्या मोजता येतात.”

आता त्याने विचारलं, नवा भाग आलाय म्हणे, आणू का? ती बाहेर बघत म्हणाली, नको, लहान मुलांचं असतं ते. तेरा वर्षांच्या पोरीचा हा मोठेपणा त्याच्या गळी उतरला नाही, पण वाद घालायचं त्राण नव्हतं. त्याने सुतळी घेतली. तिसऱ्या भागाच्या पुठ्ठ्यावर औषधाचा गुलाबी डाग होता. तिथे हात थांबला.

हे पुस्तक पोरीने आईला दवाखान्यात वाचायला दिलं होतं. आईने हौसेने घेतलं, पण औषधांनी तिची नजर पार अंधुक झाली होती. पोरीला हे कळू द्यायचं नाही, आधीच ती घाबरलीय, अशी बायकोने त्याला ताकीद दिली. मग दुपारी पोरगी शाळेत असताना तो वाचून दाखवायचा. संध्याकाळी ती यायची तेव्हा पुस्तक आईच्या उशाशी असायचं आणि खुणेचा कागद पुढे सरकलेला असायचा.

त्याचं वाचन म्हणजे यंत्राची माहिती वाचावी तसं. बायकोला तेही चालायचं. सात मजले उतरायला एवढी पानं कशाला, मला बोलावलं असतं तर लिफ्ट बसवून दिली असती, असं तो म्हणाला की ती दुखत असतानाही हसायची.

एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा जावई कान देऊन ऐकत होता, गालातल्या गालात हसत होता. आपण पंचेचाळिशीचा माणूस, तेलकट कपडे, आणि वाचतोय काय तर नागांच्या गोष्टी. त्याचे कान तापले. त्याने पाचव्या पाताळाचं अख्खं प्रकरण उलटलं आणि सहाव्यापासून सुरू केलं.

“अहो, पाचवं पाताळ कुठं गेलं?” तिने डोळे मिटूनच विचारलं.

“लेखक मोजायला विसरला असेल.”

ती हसली. त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली.

आता त्याने ते प्रकरण उघडलं. चौदा पानं होती. पाचव्या पाताळाच्या दारात एक म्हातारा नाग बसलेला. वर जे कुणाला बोलता आलं नाही ते इथे बोलल्याशिवाय तो पुढे सोडत नाही. त्या ओळींशेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षर होतं. पोरीचं.

‘आई, मागे मी चार दिवस आले नाही ते परीक्षेमुळे नाही. तुझ्याकडे बघायची भीती वाटत होती. रागावली नसशील तर इथे बरोबरची खूण कर.’

खाली एक छोटा चौकोन होता. रिकामा.

शर्टाच्या खिशात त्याची पेन्सिल होती. हात खिशापर्यंत गेलासुद्धा. पण पोरीने हे पान उघडून रिकामा चौकोन किती वेळा पाहिला असेल, आणि आणखी एक थाप कशी मारायची?

“हे तुझ्या आईने पाहिलंच नाही,” तो म्हणाला.

ती वळली. त्याने पुस्तक तिच्याकडे धरलं आणि सगळं सांगितलं. आईला दिसत नव्हतं, तो वाचून दाखवायचा, हे प्रकरण गाळलं.

“आईने सांगितलं होतं गाळायला?”

हो म्हटलं असतं तर सुटला असता.

“नाही. तिने विचारलं होतं, कुठं गेलं म्हणून. मी काहीतरी ठोकून दिलं.”

“का पण?”

“एक माणूस हसत होता.”

तिने रिकाम्या चौकोनावर बोट टेकवलं. मग म्हणाली, “मला वाटत होतं तिने वाचलं, आणि खूण केली नाही.”

त्याला जमिनीवरून नजर उचलवेना.

“वाचा,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“मोठ्याने. एक ओळसुद्धा गाळायची नाही.”

त्याने वाचायला सुरुवात केली. नागाच्या नावाला तो तीनदा अडखळला, तिने तीनदा दुरुस्त केलं. समासाशी आल्यावर तो थांबला. ती म्हणाली, तेही. त्याने तेही वाचलं. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती. मग अक्षरं नीट दिसेनात, तसा तो भराभर पुढे जाऊ लागला.

“हळू वाचा,” ती म्हणाली. “आता कुणाला घाई आहे?”

त्याने बाहीने चष्मा पुसला आणि ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतलं.