जोडचिंचेचा ठिपका

हरिदासने 'जोडचिंच वस्ती' हे नाव आधी मराठीत टाकलं, मग इंग्रजीत टाकलं, मग इंग्रजीतलं एक अक्षर बदलून पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा पडद्यावर लाल ठिपका उमटला, तो अक्कलकोट तालुक्याच्या बरोबर मधोमध. तिथं आधीच वीसेक ठिपके एकावर एक बसलेले होते.

काम सोपं म्हणून त्याच्याकडे आलं होतं. संस्थेच्या फिरत्या दवाखान्याला दुसरी गाडी मिळाली होती. तिचा ड्रायव्हर नवा, सोलापुरातलाच, त्या भागात कधी न गेलेला. तो फोनमधल्या नकाशावर चालणार. म्हणून दवाखाना जिथं जिथं थांबतो त्या प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढून द्यायचे. इंटरनेटवर जगभरातल्या गावांची माहिती फुकट मिळत होती. नाव टाकलं की दोन आकडे यायचे. मोठी गावं पटापट सापडली. एकाच नावाची चार-चार गावं निघत, पण त्यातलं आपलं कुठलं ते कळायचं. वस्त्यांना मात्र त्या माहितीत जागाच नव्हती. जे नाव सापडत नाही ते ती यंत्रणा सरळ तालुक्याच्या मध्यावर टाकून द्यायची.

पहिल्या दिवशी हरिदासने दोन आकडे उलटे लिहिले आणि सगळा तालुका उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडला. ऑफिस सांभाळणाऱ्या तेजश्री मॅडम हसत म्हणाल्या, तिथं जायला कुठली नर्स तयार होणार नाही हो बनसोडे. आणि बोलल्यावर गप्प झाल्या. कारण अकरा वर्षं त्या गाडीवर नर्स होती ती हरिदासची बायको, मुक्ता. ऑगस्टात, एका रविवारी सकाळी, डोक्यातली शीर फुटून ती गेली होती.

"वस्त्यांचं बिरुदेवमामांना विचारा की," मॅडम दोनदा म्हणाल्या. "त्यांना घेऊन एक चक्कर मारा. जागेवर उभं राहून फोनवर ठिपका घ्यायचा, संपलं."

हरिदास दोन्ही वेळेला हो म्हणाला आणि गेला नाही.

बिरुदेव जुन्या गाडीचा ड्रायव्हर. अकरा वर्षं सकाळी आठला तो मुक्ताला घरासमोरून उचलायचा आणि संध्याकाळी आणून सोडायचा. मुक्ता आली की पाय धुऊन, चहा घेऊन भिंतीला टेकायची. हरिदास विचारायचा, काय झालं आज? ती म्हणायची, काही नाही, रोजचंच. तिचं बोलणं वाटेत संपून जात असणार, असं त्याला तेव्हाही वाटायचं. तेव्हा त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. आता घेतलं होतं. तिला नेलं त्या दिवशी बिरुदेव गाडीला टेकून असा रडला की दोघांना त्याला धरावं लागलं. कुणीतरी हरिदासलाच विचारलं, हे बाईंचे भाऊ का? हरिदासच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी नव्हतं.

त्याने वस्त्या स्वतःच शोधायच्या ठरवल्या. आकाशातून काढलेल्या फोटोवर माळामाळाने फिरत तो पत्रे मोजत बसला. एका जागी दोन मोठी झाडं आणि लांबट छप्पर दिसलं. जोडचिंच हीच, असं ठरवून त्याने ठिपका तिथं ओढून ठेवला. पुढच्या गुरुवारी नवा ड्रायव्हर त्या ठिपक्यावर बरोबर जाऊन पोचला. ते कोंबड्यांचं शेड होतं. राखणदाराने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. खऱ्या जोडचिंचेवर म्हातारी माणसं गोळ्या संपल्या म्हणून उन्हात वाट बघून घरी गेली.

तेजश्री मॅडम रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "रविवारी गाडी मोकळी आहे."

रविवारी बिरुदेवने गाडी सात रस्ता चौकात आणली. हरिदास मागे बसायला गेला तर मागे औषधांची खोकी होती. पुढंच बसावं लागलं.

"पट्टा लावा, दाजी."

या दाजी म्हणण्याचाही त्याला राग होता. हे नातं जोडायला बिरुदेवला कुणी सांगितलं होतं?

ज्वारीची काढणी चालू होती. रस्त्याकडेला कणसांचे ढीग आणि त्यावर बायका. बिरुदेव बोलत होता आणि हरिदास फोनकडे बघत होता. अक्का हितं गाडी थांबवायच्या, बिरुदेवने एक टपरी दाखवली. मिरची भजी लागायची त्यांना, दोन पलेटी, वर आणि तळलेली मिरची. हरिदासला आठवलं, घरी मुक्ता आमटीतसुद्धा तिखट कमी घालायची. पित्त होतं म्हणायची. पित्त त्याला होतं, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याला आणखी विचारायचं होतं आणि बिरुदेवने तोंड बंद करावं असंही वाटत होतं.

मैलभर गेल्यावर तो म्हणाला, "झोपेत घोरायची ती. कुणाला सांगायची नाही."

"व्हय की," बिरुदेव हसला. "येताना वळसंग आलं की सुरू. मी रेडिओ बारीक करायचो."

हरिदासने खिडकीची काच खाली केली.

पहिल्या तीन वस्त्यांवर काढणीमुळे कुणी भेटलं नाही. हरिदास उतरला, उभा राहिला, फोनवर ठिपका घेतला. जोडचिंच कोंबड्यांच्या शेडपासून पुष्कळ दूर, ओढ्यापलीकडे निघाली. गाडीचा आवाज ऐकून एक म्हातारी लुगड्याचा पदर सावरत तरातरा आली. ती कानडीत काहीतरी म्हणाली. त्यातलं "मुक्तक्का एल्ली?", म्हणजे मुक्तक्का कुठंय, एवढं हरिदासला कळलं. आपल्या बायकोला हे नाव आहे, हेही त्याला तेव्हाच कळलं.

बिरुदेव कानडीत पुटपुटला आणि फडकं घेऊन समोरची काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती.

म्हातारी हरिदासकडे वळली. "ह्ये कोण?"

"हाफिसातलं सायेब हायती, दानम्मा," बिरुदेव काचेकडे बघतच म्हणाला.

"हाफिसातलं," दानम्माने हरिदासला खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हंजे तुमीच धाडली तिला."

"कुठं?"

"कुटं म्हंतोय. नातेपुत्याला! बदली कुनी केली मग? तितं काय दवाखानं न्हाईत? आमाला हितं कोन हाय?" तिला आता थांबायचं नव्हतं. नवी पोरगी येती, तिला आमची भाषा येत न्हाय, सुई टोचती आणि जाती. आणि मुक्तक्का तरी काय कमी, जाताना सांगितलं न्हाय, सहा-सात महिन्यांत एक फोन न्हाय. बदली झाली की मानसं इसरायची व्हय?

फडकं फिरायचं थांबलं होतं. हरिदासच्या हातातला फोन विझला.

"मी नाही पाठवली," तो म्हणाला.

"मग कुनी?"

दानम्माने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाज जरा उतरला. "भेटली तर सांगा, दानम्मा रागावली म्हनावं. याक डाव येऊन जा म्हनावं."

"सांगतो."

गाडीने ओढा ओलांडला. मग बिरुदेवने गाडी बाभळीखाली घेतली आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसला.

"तोंडातनं न्हाय निघालं, दाजी. पयल्या वस्तीवर न्हाय निघालं. बदली झाली म्हनालो. मग फुडं सगळीकडं त्येच सांगत गेलो."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

हरिदासने फोन मांडीवर पालथा घातला. घरी त्याने मुक्ताच्या साड्या वाटून टाकल्या होत्या. रेशनकार्डावरचं नाव कमी करून घेतलं होतं. आणि इथं माळामाळावर, तीसेक वस्त्यांवर, ती नातेपुत्याला नोकरी करत होती, लोक तिच्यावर रुसत होते. ज्याने तिला इतके दिवस असं ठेवलं होतं तो शेजारी बसून नाक पुसत होता. हरिदासला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात उचललाही त्याने, आणि मग तो दाराच्या कडीवर नुसता ठेवून दिला.

"तुम्हाला कुणी अधिकार दिला?" तो म्हणाला.

बिरुदेव मान खाली घालून बसला. "आता खरं सांगू का? तुमी म्हनाल तसं."

"चला पुढं."

पुढची वस्ती संगप्पाची. तो पायाला पट्टी बांधून बाजेवर बसला होता. गाडीतून मुक्ता उतरते का हे त्याने वाकून बघितलं, मग बिरुदेवला विचारलं, "काय म्हनती अक्का? जीव रमतो का तिचा तिकडं?"

बिरुदेवने हरिदासकडे बघितलं. तोंड उघडलं.

"बरी आहे," हरिदास म्हणाला.

संगप्पा त्याच्याकडे वळला. बिरुदेवही वळला.

"परवाच बोलणं झालं. दोन खोल्या मिळाल्यात. सुरुवातीला करमत नव्हतं, आता शेजार झालाय." हरिदासने फोन खिशात टाकला. "दारात कडुलिंब आहे. संध्याकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसते. वजन जरा वाढलंय."

"वाढू दे," संगप्पा म्हणाला. "वाळली हुती लई."

"फिरणं कमी आहे तिकडं. दुपारी जेवायला घरी येते."

मग त्याने फोन काढला, अंगणाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला आणि ठिपका घेतला. संगप्पाने चहाचा आग्रह केला, तो त्याने घेतला. बिरुदेव बाजेच्या कडेला टेकला होता. इतका वेळ बोलणारा माणूस आता नुसता ऐकत होता, आणि हरिदास सांगत होता. घर रस्त्यापासून आत आहे. गर्दीचा आवाज येत नाही.

गाडीत बसल्यावर बिरुदेवने किल्ली घातली, पण फिरवली नाही. समोर काढलेल्या ज्वारीचं रान मोकळं पडलं होतं. तो तिकडंच बघत होता.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "तितं पानी कसं हाय?"

हरिदासने पट्टा लावला.

"रोज येतं," तो म्हणाला. "सकाळी. तासभर."