वाघाच्या परीक्षेत एक्क्याण्णव गुण

वाघासमोर कसं वागावं हे आमच्या गावाला शिकवायला शेवटी एक टीव्ही आला. पंचावन्न इंची. सोबत एक काळा डबा, डब्यावर बसवायचा कॅमेरा आणि हातात धरायच्या दोन पांढऱ्या कांड्या. चिमूरहून आमच्या भिवटेकडीला येणारी एसटी आठवड्यातून तीनदा येतच नाही, पण हा डबा ठरल्या वेळेला आला. थंडगार काचबंद गाडीतून आला, आणि त्याच गाडीतून 'मानव-वाघ सहजीवन अभियाना'चे समन्वयक धनराज साहेब उतरले.

मी हर्षा. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवते. दर अकरा महिन्यांनी माझी नेमणूक संपते आणि वरच्यांची मर्जी असली तर पुन्हा होते. गावात वायर लावून चालणारी कुठलीही वस्तू आली की ती माझ्या गळ्यात पडते. हा डबाही पडला.

साहेबांनी मला त्या खेळाची कुळकथा सांगितली. मुळात तो कुठल्याशा बर्फाळ देशातला साहसी खेळ. एक तगडा वीर कडे चढतो, दऱ्या ओलांडतो, खजिना शोधतो आणि वाटेत आडव्या येणाऱ्या आगओक्या राक्षसी प्राण्याला तलवारीने लोळवतो. आधी लोक तो खुर्चीत बसून, बटणं दाबून खेळायचे. मग कंपनीने तो अंग हलवून खेळायच्या डब्यासाठी नव्याने बनवला. आपण हात उगारला की वीर हात उगारतो, आपण उडी मारली की तोही मारतो. त्यानंतर शहरातल्या एका एजन्सीने अभियानासाठी त्याला 'स्थानिक' केलं. म्हणजे वीराला धोतर नेसवलं, बर्फ पुसून सागाची झाडं लावली, खजिन्याच्या जागी बिडीसाठी लागणारी तेंदूची पानं ठेवली आणि त्या प्राण्याला वाघाचं कातडं चढवलं. घाईगडबडीत त्याच्या तोंडातली आग काढायची तेवढी राहून गेली.

"साहेब, वाघ आग ओकतो?" मी विचारलं.

"पुढच्या अपडेटमध्ये जाईल ती," साहेब म्हणाले. "तोपर्यंत मुद्दा लक्षात घ्या."

मुद्दा असा होता की या खेळात ज्याला साठाच्या वर गुण मिळतील त्यालाच जंगल-पास मिळणार. पास नसेल तर तेंदूच्या हंगामात जंगलात पाय ठेवायचा नाही, आणि ठेवलाच तर त्याची पानं फळीवर, म्हणजे जिथे पानांचे पुडे जमा करतात तिथे, कोणी घेणार नाही. तेंदूचा हंगाम पंधरा दिवसांचा. तो चार-पाच दिवसांवर आला होता.

माझी आई रुखमा. वय अठ्ठावन्न. बाबा गेल्यापासून ती माझ्या घरी राहते, आणि अकरा महिने पाहुण्यासारखी राहते. चहात साखर कमी पडली तरी मागत नाही. पण तेंदूचे पंधरा दिवस ती वेगळी बाई असते. पहाटे डोक्याला फडकं बांधून निघते, दुपारी पानांचा भारा घेऊन येते, मला कामं सांगते, माझ्या नवऱ्याला रागावते. ते पंधरा दिवस घर तिचं असतं. मी वर्षभर त्या पंधरा दिवसांची वाट बघते, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

परीक्षा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. पहिला मान मुखरूभाऊंना दिला. पासष्ट वर्षांचा माणूस, जंगलात वासावरून सांगतो की वाघ सकाळी गेला की आत्ताच गेला. त्यांनी चपला बाहेर काढल्या, कांड्या हातात घेतल्या, वीर जंगलाच्या तोंडाशी आला. तिथे एजन्सीने स्थानिक रंगत म्हणून वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड ठेवला होता. जंगलात शिरण्याआधी मुखरूभाऊंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. हात जोडले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. डब्याच्या लेखी वाकणं म्हणजे कोलांटउडी. वीराने कोलांटउडी घेतली, शेजारच्या नदीत पडला आणि बुडून मेला. गुण शून्य.

मग आशाबाई आल्या. नमस्कार, कोलांटउडी, नदी. मग गोपाल. नमस्कार, कोलांटउडी, नदी. लागोपाठ अकरा माणसं बुडाली. साहेब घामाघूम झाले. मी मुखरूभाऊंना दुसरी संधी दिली आणि कानात सांगितलं, "भाऊ, यावेळेस नमस्कार नोका करू ना!"

"अन् वाघोबाले न सांगता जंगलात घुसू काय वो?" ते माझ्यावरच डाफरले, आणि पुन्हा बुडाले.

आईची पाळी आली. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध, दगडाला हात जोडायचा प्रश्न नव्हता. ती सरळ पुढे गेली आणि गावातलं पहिलं कोरडं माणूस ठरली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तिने पानं तोडली, तीही निवडून. कोवळी आणि भोकं पडलेली पानं तिने सोडून दिली, त्याचे गुण कापले गेले. मग वाघ आला.

आई थांबली. अंग जराही न हलवता, वाघावरची नजर न काढता उभी राहिली. मग एकेक पाऊल मागे, सावकाश. डब्याला हलणारी माणसंच दिसतात. पडद्यावर अक्षरं उमटली, 'खेळाडू आढळला नाही', आणि वाघाने वीराला आगीत भाजून खाल्लं.

"आजी, मारा! हात उगारा, उडी मारा!" साहेब ओरडत होते.

"कायले मारू जी त्याले?" आई म्हणाली. "आपल्या वाटेनं येऊन राह्यला थो."

तेवीस गुण.

त्या दिवशी तीनच जण पास झाले. साहेबांचा ड्रायव्हर, ग्रामसेवक आणि सरपंचांचा नागपूरला राहणारा पुतण्या. तिघांचा जंगलाशी संबंध बघायला गेलं तर पार्टीपुरता. साहेबांनी वहीत लिहिलं की गावात वाघाबद्दल घोर अज्ञान आहे.

पण साहेब हार मानणारे नव्हते. दोन दिवसांत एजन्सीकडून खेळातला वाघोबाचा दगड काढून घेतला. आग तेवढी राहिली. कॉलेजात शिकणाऱ्या दिव्यानीला शिकवायला बसवलं. तिने युक्ती शोधली. वाघ दिसला की डोळे मिटायचे आणि पिकातली माकडं हाकलतो तशा दोन्ही कांड्या फिरवायच्या. गाव धडाधड पास होऊ लागलं. मुखरूभाऊंना अडुसष्ट, आशाबाईंना बहात्तर. घरी जाताना मुखरूभाऊ खऱ्या वाघोबाच्या दगडापाशी थांबून माफी मागून आले म्हणे.

आईने दुसऱ्या वेळेसही हात उगारला नाही. सत्तावीस गुण. अख्ख्या गावात नापास ती एकटीच.

ती घरी आली, डोक्याला बांधायचं फडकं धुतलं, वाळवलं, घडी केली आणि पेटीत ठेवून दिलं. संध्याकाळी मला म्हणाली, "चहा नसन तं राहू दे वो." ते ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. या बाईला जंगल शिकवायला निघालेत! ज्यांना साग आणि सालईतला फरक कळत नाही ते!

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा होता. मी दार लावून घेतलं, डब्यात आईचं नाव टाकलं आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. कॅमेऱ्याला शरीर कळतं, चेहरा कळत नाही. चार वेळा मेले. पाचव्या वेळी आग चुकवली, चार उड्या मारल्या, वाघाच्या मानेवर अठरा वार केले. एक्क्याण्णव गुण. तालुक्यात पहिला नंबर. माझे खांदे पुढे दोन दिवस उठले नाहीत.

"आई, तुये गुण पुन्हा तपासले. पास झाली तू," मी पास हातात देत म्हणाले.

तिने पास बघितला, मला बघितलं, माझे अवघडलेले खांदे बघितले. मग पेटीतून फडकं काढलं.

हंगामाच्या तिसऱ्या सकाळी ते झालं. आई, आशाबाई आणि आणखी पाच जणी नाल्याच्या कडेने पानं तोडत होत्या. पंधरा हातांवर गवत हललं आणि वाघाने मान वर केली. खरा वाघ, आग नसलेला. आशाबाईंना आपले बहात्तर गुण आठवले. त्यांनी डोळे मिटले आणि हात उगारला. आईने त्यांचं मनगट घट्ट धरून खाली ओढलं. सगळ्यांना एकमेकींना चिकटून उभं केलं. मग वाघाच्या डोळ्यांत बघत, गोठ्यातल्या बैलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "जा बापा. आमी बी जातो." एकेक पाऊल मागे. पाठ कोणी फिरवली नाही. पायवाट लागली तेव्हा वाघाने जांभई दिली आणि नाला ओलांडून निघून गेला. सातही जणी घरी आल्या. मला हे सगळं आशाबाईंकडून कळलं.

धनराज साहेबांना बातमी लागली. ते त्याच दिवशी कॅमेरावाला घेऊन हजर. तालुक्यात पहिली आलेली बाई आणि तिनेच वाघ परतवला! अभियानाची पहिली यशोगाथा. वरच्या साहेबांना दाखवायची.

आईला बोलवायला मी घरी गेले. वाटेत तिला पढवलं, "सांगजो का उडी मारली, हात उगारला, वाघ भेला. एवढंच. मंग सुटलो आपण."

ती रस्त्यातच थांबली. "त्याच्यासमोर मी उभी होती, तू नाई. त्यानं जाऊ देल्लं आमाले. अन् मी सांगू का त्याले हानला? मी खोटं बोलणार नाई हर्षा."

आणि नाही बोलली. कॅमेऱ्यापुढे बसून जसं घडलं तसं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरत गेला.

"उडी?"

"नाई मारली जी."

"प्रहार? एकतरी?"

"नाई. आशा हात उगारत होती, मीच धरला तिचा हात. नाई तं आज तुमी फोटोले हार घालाले आले असते."

साहेबांनी टॅबलेट उघडला. बोट खाली सरकवत गेले. "पण इथे तर अठरा प्रहार आहेत. चार उड्या. आग पाच वेळा चुकवली आहे. एक्क्याण्णव गुण! एवढं सगळं येत असताना त्या दिवशी काहीच कसं केलं नाही?" मग ते थांबले. पहिल्या दिवशीचे तेवीस गुण त्यांनाही आठवले असावेत. सावकाश मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हर्षा मॅडम, परीक्षा तुम्ही घेतली होती ना? हे खेळलं कोण?"

हॉलमध्ये पंखा फिरत होता. माझी नेमणूक जून अखेर संपत होती. मी तोंड उघडलं. मी खरं सांगणार होते असं मला आजही वाटतं, पण शपथेवर सांगता येत नाही.

"मीच खेळली साहेब," आई म्हणाली.

"मीच हानला थ्या वाघाले. अठरा डाव. दार लावून खेळली, लाज वाटे म्हून. अन् जंगलात गेली तं सारं विसरली." तिने पदर सावरला. "म्हातारी झाली जी आता. पोरीचा काई दोष नाई. तिनं चांगलं शिकवलं होतं."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. प्रशिक्षण बरोबर, डबा बरोबर, गुण बरोबर. चूक फक्त माणसाची. अहवालात हे सहज बसत होतं. त्यांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. आशाबाईंनी निदान हात तरी उगारला, म्हणून त्यांना प्रशस्तिपत्र. रुखमाबाईंनी प्रशिक्षणाचं उल्लंघन केलं आणि दुसरीलाही करायला लावलं, म्हणून त्यांचा पास रद्द. फेरप्रशिक्षण पुढच्या वर्षी. आदेश आजच काढायचा.

आशाबाई रडायला लागल्या. मी गप्प बसले. माझ्यासारखी निर्लज्ज मुलगी त्या क्षणी साऱ्या जिल्ह्यात दुसरी नसेल, हे मला कळत होतं, तरी गप्प बसले.

बाहेर पायरीवर मी आईला गाठलं. म्हटलं, "काऊन असं केलं तू? तुये बारा दिवस गेले ना."

"तुई नोकरी सालभराची हाये," ती म्हणाली. "तेंदू तं पंधरा दिवसाचा. जा, साहेब वाट पाहून राह्यला."

मी आत गेले. साहेब येरझारा घालत मजकूर सांगत होते आणि मी कीबोर्डवर बोटं ठेवली होती. 'श्रीमती रुखमा, राहणार भिवटेकडी, यांना वाघासमोर कसे वागावे याचे ज्ञान नसल्याचे निदर्शनास आल्याने…'

मी सगळा आदेश टाइप केला. एकही चूक झाली नाही.