गंजावरची दोन नावं

हिमानी झोपली आहे तोवर लिहून टाकते. उठली की पेन आधी तिच्या तोंडात जातं.

अमिता माझी धाकटी नणंद. ऑटिझम हा शब्द नागपूरच्या डॉक्टरांनी ती एकोणीस वर्षांची असताना सांगितला. त्याआधी पांढुर्ण्यात तिच्यासाठी एकच शब्द होता, तो मी लिहीत नाही. कोणी शिकवलं नाही, पण ती आमच्या मांडणीवरची भांडी रंगवते. परात, झारा, सांडशी. आहेत तशी, तेवढ्याच मापाची. पोचा असेल तर पोचासुद्धा. एकतीस चित्रं झाली. ती सगळी मांडणीच्या क्रमानं, एका ओळीत लावून पाहायची, एवढंच तिला हवं होतं. आमच्या घरात तेवढी भिंत नाही. सौंसरच्या मंगल कार्यालयात आहे, आणि तिथल्या समाजाच्या मेळाव्यात यांच्या काकांचा, रघुनाथरावांचा, शब्द चालतो.

"भांडे?" काकाजी हसले होते. "गणपती काढ म्हणा, संत्र्याचा बगीचा काढ. भांडे तं घरोघरी हायेत, कोण पाह्यते?"

तरी भिंत दिली. कारण फलकावर 'दिव्यांग कलाकार' लिहून त्याखाली स्वतःचा फोटो छापता येत होता. फोटो दीड फुटाचा. अमिताचं नाव शोधावं लागलं.

मेळाव्याच्या सकाळी तिनं वितीनं अंतर मोजत सगळी चित्रं लावली. काकाजी शाल सावरत आले आणि गंजाच्या चित्रापुढे थांबले.

गंज म्हणजे आमचं डाळीचं पातेलं; तो त्यांनीच माझ्या लग्नात दिलेला. काठाखाली नाव टाकलेलं, 'सप्रेम भेट, रघुनाथराव'. चित्रात ते होतंच. पण त्याखाली कानशीनं घासून काढलेली अक्षरंही अमितानं टिपली होती: 'जयवंता, मोहगाव'. तीन वर्षं मी तो गंज रोज घासते. मला ते ओरखडे वाटले. जयवंताबाई काकाजींची थोरली बहीण. काकाजींच्या मुलाच्या, कुलदीपच्या, लग्नात तिनं दिलेला गंज या गृहस्थानं घासला आणि आम्हाला आहेर केला. वीस एकर बगीचा आहे म्हणे.

"हे खालचं पुसून टाक," काकाजी म्हणाले.

"आहे तिथं," अमिता म्हणाली.

"अवं, मी सांगून राहिलो ना! नाई तं हे एक काढ. का सगळेच काढू? दुपारी जयवंताबाई येऊन राहिली!"

अमिता बोटं चावू लागली. एकदा कोणी तिच्या झाऱ्यावर हौसेनं फूल काढलं होतं, तर सात महिने तिनं ब्रश धरला नव्हता. इथं तर ओळच मोडणार होती.

मसालेभात आम्ही त्याच गंजात आणला होता. मी तो परातीत काढला आणि गंज पुसून त्यांच्यापुढे धरला.

"काकाजी, गंजच घेऊन जा. भांडंच नसलं तं चित्राले कोण विचारते? म्हणा, पोरीनं मनानं काढलं."

मला वाटलं, लाजतील. त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला! मग इकडेतिकडे पाहून गंज शालीत गुंडाळला आणि आपल्या गाडीत नेऊन ठेवला. परत आले तेव्हा चेहरा हलका झाला होता. लोकांना सांगू लागले, "कल्पना हाये हो पोरीची, कल्पना."

दुपारी जयवंताबाई आल्या. ओळीच्या टोकापासून एकेक चित्र पाहत आल्या, गंजापुढे चष्मा लावला. नाव वाचलंच नाही आधी; काठाजवळच्या पोच्यावर बोट ठेवायला गेल्या.

"हा तं माहा गंज! सौंसरच्या बसमधून उतरतानी पडला होता, हा पोचा तवाचाच. कुलदीपच्या लग्नात देल्ला मी." मग खालची अक्षरं दिसली. मग वरची. "रघ्या! कुठी गेला रे तू? इकडं ये पहिले!"

काकाजी एकाएकी माइक तपासू लागले. मंडपभर हॅलो, हॅलो. बहीण त्यांच्याकडे निघाली, आणि तिच्या मागे चारपाच बायका.

अमितानं मान वळवली नाही. ती भिंतीच्या कडेनं तिसऱ्यांदा चालत होती, एकेका चित्रापाशी ओठ हलवून मोजत. शेवटच्याशी पोचली, तेव्हा माझ्या खांद्यावरच्या हिमानीकडे पाहून म्हणाली, "वहिनी, सगळे आहेत."