फुलीतली एक सळई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे, काष्टीच्या बाजारातल्या आबासाहेबांच्या शेडची. अंग गंजलंय, जीभ शाबूत आहे.

माझा स्वभावच तसा. ओढलंत तर हत्ती धरून ठेवीन, ढकललंत तर कोंबडीपुढेही वाकेन. म्हणून बांधणाऱ्याने आम्हा दोघी बहिणींना खांबांमध्ये फुलीसारखं तिरकं बसवलं. मावळतीचा वारा सुटला की मी ताणली जायची, ती सैल. उगवतीचा सुटला की ती ताणली जायची, मी सैल. एकदा तर वाऱ्याने बाजारातली म्हैस उडून दौंडच्या फलाटावर उतरली, पण शेड हलली नाही. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

पुढे शेड जराशी उगवतीकडे कलली. मी कायम ताठ झाले, बहीण लोंबू लागली. शेडखाली भजी तळणारी छबूबाई तिच्यावर पिशवी अडकवायची, तेवढाच तिचा मान.

एके दिवशी आबासाहेबांच्या टेम्पोच्या फाळक्याला सळई हवी होती. कानिफनाथ वेल्डरने बहिणीला हलवून पाहिलं.

"ही बिनकामाची हाय, आबासायेब. ती दुसरी बगा, कशी ताठ! समदा भार तीच वाहती."

"मग काप की. नवी कशाला आनायची?"

"ऱ्हाऊ द्या वो," छबूबाई म्हणाली, "मी पिशवी कुटं अडकवू?"

"तुज्या पिशवीला खुटी ठोकून देतो, व्हय!" कानिफनाथ म्हणाला.

सगळे हसले. बहीण कापली गेली. माझं कौतुक झालं, आणि ते मला विषासारखं लागलं.

मग एका शनिवारी भरबाजारात उगवतीकडून वळवाचा वारा आला. शेड मावळतीकडे झुकली आणि मी, ती ताठ सळई, वेणीसारखी लोंबत राहिले. दाब झेलणं माझ्या रक्तातच नाही. "पळा रं!" छबूबाई ओरडली. गिऱ्हाइकं निसटली. ती कढईखालचा जाळ विझवायला वाकली, आणि छपराचं आढं तिच्या पायावर आलं.

"वाराच तसला हुता," आबासाहेब म्हणाले.

कानिफनाथनेच नवी शेड उभारली. मला घासून रंग दिला आणि एकटीलाच बसवलं. "एकच पुरं, लई ताकदीची हाय."

छबूबाई कुबडी टेकत आली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि कढई बाहेर उन्हात मांडली. लोक तिला येडी म्हणतात.

मित्रांनो, सैल दिसतं ते कापण्याआधी ते कोणत्या वाऱ्यासाठी थांबलंय, एवढं विचारा. आणि भजी खायची असतील, तर उन्हातच बसून खा.