एका सुताची चूक

मी एक जुनी मोजपट्टी आहे. दुकानात मला कोणी मोजपट्टी म्हणत नाही, सगळे 'टेप' म्हणतात. साठ इंच लांब, कधीकाळी पिवळीधमक, आता विटून मातकट झालेली. एका टोकाला पितळेची टोपी आहे, ती थोडी वाकली आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना जरा फुशारकी मारतात. माझ्याकडे मारण्यासारखी फुशारकी होती. पण गेल्या वर्षी माझ्या हातून जे झालं, त्यानंतर ती मारायला तोंड राहिलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब कापडाला मेणाचा हात दिला, त्यावर आकडे छापले आणि पट्ट्या कापल्या. शेवटी चष्मा लावलेली एक तपासनीस बाई प्रत्येकीला पोलादी पट्टीवर आडवी ठेवून बघायची. माझ्या शेजारचीचा छाप केसभर सरकला होता, तिला तिने टोपलीत टाकलं. मला मात्र पुढे ढकललं. तेव्हाच माझ्या डोक्यात हवा गेली. आपण खरं बोलणाऱ्या आहोत, असं मी धरून चालले.

तिथून मी आले शिवणताईंच्या दुकानात. एक कापणीचं मोठं टेबल, दोन मशीनं, आरसा, पडद्यामागे मापं घ्यायची चिंचोळी जागा, एवढंच दुकान. बावीस वर्षं मी ताईंच्या गळ्यात आहे. शाळेचे गणवेश, कोट, झगे, परिचारिकांचे पांढरे डगले, सगळं माझ्यावरून मोजून शिवलं गेलं. पडद्यामागे बायका अवघडून उभ्या राहत. कोणी पोट आत ओढे, कोणी उगाच खोकत राही. ताई मला त्यांच्या छातीभोवती फिरवताना म्हणायच्या, "हात जरा वर करा. लाजायचं काय त्यात, मापच तर घ्यायचंय." आकडा मोठा आला तर त्या तो मोठ्याने उच्चारत नसत, गुपचूप चिठ्ठीवर लिहीत. त्यामुळे बायका दूरदूरच्या पेठांतून आमच्याकडे येत.

दुकानात ताईंची धाकटी नणंदही बसते. दिवसभर काजं करते म्हणून घरात सगळे तिला काजू म्हणतात. हाताने चपळ, जिभेने त्याहून चपळ. सात वर्षांपूर्वी तिने घाईघाईत माझ्या टोकाने कापडाचा गठ्ठा आवळून बांधला आणि तसाच फळीला टांगून ठेवला. चार दिवसांनी सोडवली तेव्हा मी पहिल्या इंचातच ताणली गेले होते. पुढच्याच कोटाची कॉलर आखूड झाली. ताईंनी मला पोलादी पट्टीवर ठेवलं. माझा पहिला इंच एका सुताने लांबला होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंचभर वस्तू मी सातच सुतं दाखवू लागले होते.

दुसरी कोणी असती तर मला केराच्या डब्यात टाकलं असतं. ताईंनी काजूसाठी नवी टेप आणली आणि मला गळ्यातच ठेवलं. फक्त एक नियम केला, "हिचं एक सूत वाढवून धरायचं." काजूला त्यांनी हे इतक्या वेळा ऐकवलं की ती मान वाकडी करून त्यांची नक्कल करायची. तेव्हापासून ताईंच्या हातून एकही माप चुकलं नाही. मी ताणलेली होते, पण त्या ताळ्यावर होत्या. माझी अब्रू त्यांनी सात वर्षं झाकली.

आता मुद्द्याचं सांगते. ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी एका सकाळी ताई नमुन्याचा कोट स्वतःच्या अंगावर घालून बघत होत्या. काखेजवळचा भाग सारखा करताना डाव्या छातीत त्यांच्या बोटांना काहीतरी टणक लागलं. त्यांनी पडदा ओढला. काजूच्या टेबलावरची नवी टेप घेतली आणि ती गाठ दोन बोटांत धरून मोजली. एक इंच. त्याच दिवशी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी तपासलं, यंत्रावर फोटो काढला आणि सांगितलं की अशा पुष्कळ गाठी साध्या असतात, पण नुसतं बघून कळत नाही. सुईने आतला छोटासा तुकडा काढून तपासायला हवा. तारखेचा कागद दिला.

ताई परत आल्या आणि तो कागद बटणांच्या डब्यात तळाशी घालून वर बटणं ओतली. तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी दवाखान्यात फोन करून सांगितलं की गणवेशांची घाई आहे, पुढची तारीख द्या. घाई नव्हती. गणवेश आठ दिवसांपूर्वीच गेले होते. फोन ठेवल्यावर त्या पडद्यामागे गेल्या आणि गळ्यातून मला काढून ती गाठ मोजली.

मी सात सुतं दाखवली.

मित्रांनो, त्यांचा चेहरा मी बघितला. जीव भांड्यात पडल्यासारखा त्यांनी श्वास सोडला. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. नवी टेप बाजूला ठेवून ताईंनी मला विचारलं, याचाच मला गर्व वाटला. मी काही बोलू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण बोलता आलं असतं तरी त्या क्षणी मी बोलले असते का, याची मला खात्री नाही. पुढे दर सोमवारी त्या मला घेऊन पडद्याआड जात आणि दर सोमवारी मी सात सुतं दाखवत असे. गाठ ओसरतेय, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. दुसरीही तारीख त्यांनी अशीच जाऊ दिली.

मग एका दुपारी काजूला निळं बटण हवं होतं. तिने डबा टेबलावर उपडा केला आणि कागद बाहेर पडला. तिने तो दोनदा वाचला. तारीख उलटून सात आठवडे झाले होते. तिने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि कागद ताईंसमोर धरला.

ताईंनी आधी वेळ मारून नेली. मग म्हणाल्या की काळजीचं कारण नाही, गाठ कमी होतेय, इंचाची होती ती सात सुतांवर आलीय.

"कुठल्या टेपनं मोजलीस वहिनी?" काजूने विचारलं.

ताईंचा हात माझ्यावर गेला आणि तिथेच थांबला. काजूने पोलादी पट्टी आणली, मला त्यावर ठेवलं आणि बाजूला झाली. बावीस वर्षांपूर्वी अशाच पट्टीवर मी ताठ मानेने पडले होते. त्या दिवशी मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"मला माहीत होतं," ताई हळूच म्हणाल्या. "दर वेळी माहीत होतं. तरी हात हिच्याकडेच जायचा."

"माझं काज एका सुतानं चुकलं तर उसवायला लावतेस. आणि स्वतःच्या जिवाला सूट?"

"कुणाला सांगू गं? दिवसभर सुया हाताळणारी बाई सुईला घाबरली म्हणून लोक हसतील. तुझ्या दादालासुद्धा सांगवलं नाही. लाज वाटते."

काजू हसली नाही. तिने स्टूल ओढलं, ताईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि मापाची कोरी चिठ्ठी पुढे घेतली. "कशाकशाची भीती वाटते ते सांग. मी लिहिते," ती म्हणाली. सुई किती जाड, किती वेळ लागेल, खोलीत कोण असेल, मध्येच थांबा म्हटलं तर थांबतात का, असे अकरा प्रश्न झाले. शेवटचा प्रश्न ताईंनी सांगितला नाही, स्वतःच लिहिला. मग काजूने फोन लावून ताईंच्या हातात दिला. पलीकडच्या परिचारिकेने एकेका प्रश्नाचं शांतपणे उत्तर दिलं, एकदाही हसली नाही. अकरावा प्रश्न होता, उत्तर वाईट आलं तर काय. ती म्हणाली, मग पुढचं काय ते आपण ठरवू, तुम्ही एकट्या ठरवणार नाही आहात. त्या संध्याकाळी ताईंनी घरी यजमानांनाही सांगितलं.

चार दिवसांनी आम्ही दवाखान्यात गेलो. आम्ही म्हणजे ताई, काजू आणि मी, कारण घाबरलेल्या ताई सवयीने मला गळ्यात घालूनच निघाल्या होत्या. त्यांना मागे नाड्या असलेला डगला घालायला दिला. तशा भीतीतही त्यांनी त्याची शिवण बघून नाक मुरडलं. परिचारिकेने मला गळ्यातून काढायला सांगितलं, तेव्हा त्यांनी मला मुठीत गुंडाळलं. मग परिचारिका म्हणाली, "हात जरा वर करा. लाजायचं काही नाही." आपलंच वाक्य परत आलेलं ऐकून ताईंना हसू फुटलं आणि लगेच डोळे भरले.

जागा बधिर करताना एकदा टोचलं. पुढचं प्रत्येक पाऊल डॉक्टरीणबाई आधी सांगत होत्या. खट् असा आवाज झाला तेव्हा ताई दचकल्या, मग पुटपुटल्या की आमचं बटणाचं मशीन असंच वाजतं. मुठीत माझा पितळी कोपरा त्यांच्या तळव्यात रुतला होता. मी रुतू दिला, मला दुसरं काय करता येणार होतं?

सगळं वीस मिनिटांत आटोपलं. उठताना ताईंनी विचारलं, गाठ किती आहे. बाईंनी यंत्राच्या पडद्याकडे बघून सांगितलं, "अडीच सेंटिमीटर."

"म्हणजे इंच," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली. "मी दोन महिने स्वतःला फसवलं."

बाईंनी कानउघाडणी केली नाही. त्या म्हणाल्या, भीतीपोटी पुष्कळजणी थांबतात, आज आलात ते महत्त्वाचं.

आठवड्याने उत्तर आलं. गाठ साधी नव्हती. पण ती अजून जागच्या जागी होती आणि शस्त्रक्रियेने काढता येणार होती. हे ऐकून ताई रडल्या, काजू रडली, यजमान दाराशी उभे राहून चष्मा पुसत राहिले. त्या वाया गेलेल्या दोन महिन्यांचं ओझं मात्र मी अजून वाहते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी ताणलेली एखादी टेप असेल तर ती खुशाल ठेवा. पण घाबरलेल्या माणसाच्या हाती ती एकटी देऊ नका. तुमची आई, मावशी, आत्या कुठला कागद डब्यात लपवत असेल तर तिला हसू नका, रागावू नका. शेजारी बसा आणि विचारा.

शस्त्रक्रियेनंतर हात वर जाणार नाही, म्हणून पुढून बटणं असलेला सैल सदरा शिवायचा ठरलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पडद्यामागे ताईंचं माप दुसरं कोणी घेत होतं. काजूने नवी टेप उचलली.

"ती नको, हिनं घे," ताई म्हणाल्या आणि मला गळ्यातून काढून तिच्या हातात दिलं. मग त्यांनी दोन्ही हात जरा वर केले. "आणि एक सूत वाढवून धर."