कजागबाईचं नाक

मी एक जुनी सौरपट्टी आहे, मित्रांनो. जुनी म्हणाले, मोडकी म्हणाले नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा. पोस्टकार्डाएवढा माझा जीव. सूत रंगवण्याच्या एका कारखान्यात, सांडपाण्याच्या हौदावर, खिडकीसमोरच्या भिंतीवर मी बसले आहे. छपरांवर ऐसपैस पसरलेल्या मोठ्या निळ्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या नुसती वीज करतात. मी वीजही करते आणि विषारी वायूही ओळखते, तेही एकाच अंगाने. फुशारकी वाटली तर खुशाल वाटू दे. जिने एका माणसाला मरणाच्या दारातून मागे ओढलं, तिने थोडं मिरवलं तर कुणाचं काय बिघडलं?

माझा जन्म प्रयोगशाळेत झाला. कारखान्याच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या ताई, त्यांच्या लेकीने मला घडवलं. काचेच्या तुकड्यावर तिने झिंक ऑक्साइडच्या काड्या उगवल्या. इतक्या बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत शेकडो मावाव्यात. या बारीकपणालाच शिकलेली माणसं नॅनो म्हणतात. उजेड पडला की माझ्यातून वीज वाहते. विषारी वायू आला की तो त्या काड्यांना चिकटतो आणि वीज एकदम मंदावते. बिचारीने कितीतरी काचा फुकट घालवल्या, तेव्हा कुठे मी मनासारखी जमले.

माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण आहे. तीही सौरपट्टीच, पण काचेआड सीलबंद. ना तिला धूर, ना वाफ. ढग आला की आम्हा दोघींची वीज कमी होते. वायू आला की फक्त माझी. असा फरक पडला, की तिच्या विजेवर भोंगा वाजतो. थोडक्यात, सोसायचं मी आणि ओरडायचं तिने. घरोघरी असंच चालतं, नाही का?

लेकीने मला भिंतीवर लावलं, तेव्हा सगळ्यात जास्त हसले ते मामा. मामा म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, कारखान्याचे मुख्य रंगारी. कढईवर नुसतं वाकून, वास घेऊन ते सांगायचे, काळा रंग तयार झाला की नाही. कधी चुकले नाहीत. नाकाचा भारी तोरा होता त्यांना.

“काचेला नाक कधीपासून फुटलं गं?” ते भाचीला म्हणाले.

“मामा, हौदातला वायू आधी वास देतो आणि मग नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नसतं.”

“माझं नाक रिटायर झालं की कळवतो तुला. तोवर ही शोभेची वस्तू राहू दे टांगलेली.”

गंधकाच्या काळ्या रंगाची कढई उघडली, की थोडा वायू सुटायचाच. मी इमानाने इशारा द्यायचे आणि मामा कपाळाला हात लावायचे. त्यांनीच माझं नाव कजागबाई ठेवलं. शेवटी ताई स्टुलावर चढल्या आणि आम्हा दोघींवर फडकं टाकून मोकळ्या झाल्या. मित्रांनो, सूर्यावर जगणारीला अंधारात बसवणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? उपाशी माणसाचं तोंडही बांधावं, तसं झालं ते.

एकदा लेक माहेरी आली. फडकं पाहून तिचा असा काही पारा चढला!

“आई, माझ्यावर भरवसा नसेल तर तोंडावर सांग. पण हिचं तोंड बांधू नकोस.”

ताई कुणाला घाबरत नसत. लेकीला मात्र घाबरत. फडकं निघालं आणि मला पुन्हा उजेड दिसला.

आणि मग ती दुपार आली. वीज गेली होती. भिंतीतले मोठे पंखे थांबले होते. हौदाची मोरी सुताच्या गुंत्याने तुंबली होती आणि आत काळ्या रंगाचं उरलेलं पाणी साचलं होतं. त्यातच वरच्या कढईतलं आम्लाचं आंबट पाणी हौदात सांडलं. ही दोन पाणी भेटली की घात होतो. कुजक्या अंड्यांचा वास भसकन वर आला. मामांनी सगळ्यांना दाराबाहेर काढलं. स्वतः मात्र नाक ताणून तिथेच उभे राहिले.

जरा वेळाने ते म्हणाले, “गेला वास. उतरतो मी. मोरी मोकळी केली नाही, तर हे काळं पाणी शेजारच्या खोलीत शिरेल आणि सुताच्या पांढऱ्या लड्या गेल्या समजा.”

त्यांनी शिडीवर पाय ठेवला. माझी वीज पार तळाला गेली होती आणि बहीण जिवाच्या आकांताने ओरडत होती. विजेच्या तारेशी आमचा संबंध नाही, म्हणून बरं. सगळं बंद पडलं होतं, आम्हीच तेवढ्या जाग्या होतो.

“ताई, झाक गं त्या कजागबाईला! डोकं उठवलं तिने!”

ताई बाहेरून फडकं घेऊनच आल्या. माझ्याकडे पाहिलं. लेकीचं बोलणं आठवलं असावं, फडकं हातातच राहिलं.

“आधी इकडे ये.”

“अगं, हवा स्वच्छ आहे! आयुष्य गेलं माझं या वासात.”

“तेच म्हणतेय मी. ये इकडे. डोळे मीट.”

“हे काय लहान मुलांचे खेळ...”

“मीट म्हणते ना!”

मामांनी डोळे मिटले. ताईंनी फळीवरची रॉकेलची बाटली उघडून त्यांच्या नाकाशी धरली. मामांनी भरभरून श्वास घेतला.

“पाणी आहे. झालं समाधान?”

“डोळे उघड.”

मामांनी बाटली पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“वास नाही गेला, बाळा. तुझं नाक गेलंय. चल बाहेर.”

“लड्या काळ्या होतील, ताई...”

“होऊ देत. काळ्याच विकू.”

मनगट धरून त्यांनी भावाला ओढत बाहेर नेलं. मुखवटे घातलेले बंबवाले आले. त्यांच्या मुख्याने वायू मोजायचं यंत्र हौदात सोडलं आणि आकडा पाहून म्हणाला, “खाली उतरला असतात, तर दुसरा श्वास घेतला नसतात. कुणी थांबवलं?”

ताई काही बोलणार, तेवढ्यात पोत्यावर बसलेल्या मामांनी बोट उचललं. माझ्याकडे.

“त्या कजागबाईने.”

माझा सत्कार म्हणाल तर तो तेवढाच. पण हार-तुरे ओवाळून टाकावेत असा!

बऱ्याचशा लड्या खरंच काळ्या झाल्या आणि काळ्याच विकल्या गेल्या. मामांचं नाक ताळ्यावर आलं. लेक धावत आली, तेव्हा ते म्हणाले, “तुझ्या काचेला नाक आहे गं. माझ्याहून तिखट.”

“पण रंग शिजला की नाही, ते तिला नाही कळत, मामा. ते तूच बघायचं.”

तेव्हापासून मला विचारल्याशिवाय हौदात कुणी पाऊल टाकत नाही. मामा रोज सकाळी मऊ, कोरड्या कुंचल्याने माझी धूळ झटकतात, तीही श्वास रोखून. आजूबाजूच्या कारखान्यांत माझ्याच जातीच्या पट्ट्या लागल्या आहेत. एकीनेही अजून कुणाला दगावू दिलेलं नाही.

आता माझ्या काड्या झिजत आल्या आहेत, वीज पूर्वीएवढी होत नाही. पुढच्या महिन्यात माझ्याशेजारी नवी पट्टी बसणार आहे. बसू दे. तिला चार गोष्टी शिकवूनच मी उतरेन.

तुम्हाला एवढंच सांगते, मित्रांनो. जी वस्तू तुमचा जीव राखते, तिला धुळीत आणि अंधारात ठेवू नका. आणि ती ओरडली, तर आधी बाहेर पळा. नंतर खुशाल शिव्या घाला. मला शिव्या चालतात. त्या देणारा जिवंत आहे, हे त्यातूनच तर कळतं.